वितळणं आणि फुटणं

ओव्हनमधून नुकतंच काढलेलं चीज डिप कुणाचंही छान दिसतं. कडेला बुडबुडे, वर तांबूस डाग, ब्रेडचा तुकडा बुडवून उचलला की लांब तार. परीक्षा असते ती अर्ध्या तासानंतर. पाहुणे गप्पांत रमलेले असतात, टीव्हीवरचा सामना रंगात आलेला असतो आणि भांड्यात वर पिवळ्या तेलाचं तळं, खाली चावून न संपणारा चिवट गोळा, अशी अवस्था झालेली असते. त्याच कृतीने, त्याच जिनसांतून केलेलं दुसऱ्या घरचं डिप मात्र शेवटच्या घासापर्यंत मऊ राहतं. याचं श्रेय लोक हाताच्या गुणाला देतात. ते चूक आहे. पहिल्या घरी चीज फुटलं, दुसऱ्या घरी ते नुसतं वितळलं, एवढाच फरक. आणि चीज का फुटतं हे आता पुरतं ठाऊक झालेलं आहे.

या प्रकरणापुरतं एकच डिप घेऊ: फिली चीजस्टेक डिप. बीफच्या कागदासारख्या पातळ चकत्या, कांदा, ढोबळी मिरची, क्रीम चीज आणि वर प्रोव्होलोन. अमेरिकेत फुटबॉलच्या मोसमात, विशेषतः सुपर बोल या अंतिम सामन्याच्या रविवारी, हे डिप घरोघरी होतं. ते निवडण्याचं कारण असं, की चीज डिप बिघडवणारे बहुतेक सगळे गुन्हेगार या एकाच भांड्यात जमा होतात: मांसाची चरबी, भाज्यांचं पाणी, दोन-तीन जातींची चीज आणि तीन-साडेतीन तास चालणारा सामना.

मूळ पदार्थ डिप नाही, सँडविच आहे. दक्षिण फिलाडेल्फियातल्या इटालियन वस्तीत पॅट ऑलिव्हिएरी हा माणूस हॉटडॉगचा गाडा चालवत असे. १९३० मध्ये एके दिवशी रोजच्या हॉटडॉगला कंटाळून त्याने खाटकाकडून थोडं बीफ आणवलं, तव्यावर कांद्याबरोबर परतलं आणि लांबट पावात भरलं. वास आला म्हणून एका टॅक्सीवाल्याने तेच मागितलं, आणि हॉटडॉग विसरून हेच विक, असा सल्लाही दिला, अशी गोष्ट सांगतात. नववा रस्ता आणि पॅशंक ॲव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात तिथे पॅटचं दुकान आजही आहे. त्या पहिल्या सँडविचमध्ये चीज नव्हतंच. ते पुढे, १९४० च्या दशकात, जो लॉरेन्झा नावाच्या पॅटच्या एका व्यवस्थापकाने घातलं असं मानतात, आणि ते प्रोव्होलोन होतं. १९६६ मध्ये समोरच्याच कोपऱ्यावर जीनोज हे दुसरं दुकान उघडलं आणि दोघांची चुरस शहराच्या करमणुकीचा भाग होऊन बसली.

आता गंमत अशी, की आज या चौकात उभं राहून सर्वात फिलाडेल्फियन पद्धतीने चीजस्टेक मागायचा तर प्रोव्होलोन मागत नाहीत. ‘व्हिझ विट’ म्हणतात. विट म्हणजे कांद्यासकट, आणि व्हिझ म्हणजे चीज व्हिझ: क्राफ्ट कंपनीने १९५३ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलेला, केशरी रंगाचा, डब्यातून थेट ओतता येणारा चीजचा सॉस. टोस्टवर चीजचा सॉस ओतून खाण्याचा वेल्श रेअरबिट नावाचा एक ब्रिटिश पदार्थ आहे. तो सॉस घरी करताना हमखास बिघडतो, म्हणून हा आयता काढला होता. २००३ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात जॉन केरी पॅटच्या दुकानी आले आणि त्यांनी स्विस चीज मागितलं. मोठ्या घरचा हा गृहस्थ सामान्य माणसाचं खाणं जाणत नाही, असं म्हणून वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. स्विस चीज युरोपात शतकानुशतकं मानाचं, व्हिझ कारखान्यातलं. चवीचा विचार केला तर केरींचं काही चुकलं नव्हतं. गरम मांसावर काय टिकतं याचा विचार केला तर मात्र टिंगल करणारे बरोबर होते.

त्यासाठी चीज आतून कसं असतं ते पाहायला हवं. दुधात केसीन नावाची प्रथिनं सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात आणि त्या गोळ्यांना आतून चिकटवून धरण्याचं काम कॅल्शियमचं फॉस्फेट करतं. रेनेट घालून दूध विरजलं की हे गोळे एकमेकांना धरून जाळं विणतात. त्या जाळ्यात चरबीचे थेंब आणि पाणी अडकून पडतं. चीज म्हणजे एवढंच: प्रथिनांचं जाळं, आणि एकमेकांशी न जमणाऱ्या दोन गोष्टी, तेल आणि पाणी, त्या जाळ्यात कोंडलेल्या.

चीज तापवायला लागलं की सुमारे ३२ अंश सेल्सियसला त्यातली दुधाची चरबी पातळ व्हायला लागते. नुसतं बाहेर ठेवलेलं चीज मुंबईच्या मे महिन्यात घामेजतं ते यामुळे. पण ते अजून वितळलेलं नसतं. वितळतं ते प्रथिनांमधली पकड सैल होऊन जाळं वाहायला लागलं की. मऊ चीजमध्ये हे ५५ अंशांच्या आसपास होतं, चेडार आणि स्विस जातीच्या चीजमध्ये ६५ च्या आसपास, तर पार्मेझानसारख्या कोरड्या, किसून वापरायच्या चीजमध्ये ८० च्याही पुढे. इथवर सगळं ठीक. आणखी तापवलं, किंवा त्याच तापमानाला फार वेळ ठेवलं, की सैल झालेली प्रथिनं पुन्हा एकमेकांना गच्च आवळतात. आवळताना आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. पाणी गेलं की चरबीचे थेंब एकमेकांत मिसळून तेल होऊन वर येतात, आणि खाली राहतो तो चिवट गोळा. हे फुटणं. एकदा ते झालं की नुसतं ढवळून परत जुळत नाही.

मुरलेलं चीज लवकर फुटतं, कारण महिनोन्‌महिने मुरताना त्याचं पाणी उडालेलं असतं आणि प्रथिनांच्या साखळ्यांचे तुकडे झालेले असतात. चव त्या तुकड्यांतूनच येते, त्यामुळे सर्वात चविष्ट चीज डिपमध्ये सर्वात बेभरवशाचं ठरतं. दोन वर्षं मुरलेलं महागडं चेडार डिपमध्ये घालणाऱ्या यजमानाची मला कीव येते. त्याने ते पावाबरोबर तसंच खायला द्यावं.

फुटण्यावरचे उपाय जुने आहेत. आपली कढी उकळताना फुटू नये म्हणून ताकाला आधी बेसन लावतात. बेसनातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि प्रथिनांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही. स्विस लोक फाँड्यू करताना किसलेल्या चीजला मक्याचं किंवा बटाट्याचं पीठ लावतात, तेही याच कारणासाठी. वर ते आंबट पांढरी वाइन घालतात. तिच्यातलं टार्टारिक आम्ल कॅल्शियमला थोडं आपल्याकडे ओढतं आणि जाळं सैल राहायला मदत होते. म्हणजे स्विस चीज सॉससारखं वाहतं ठेवायला खुद्द स्वित्झर्लंडमध्येही ही खटपट करावी लागते. पॅटच्या तव्यावर ती कोण करणार?

या खटपटीला कायमचा पर्याय स्वित्झर्लंडमध्येच निघाला. १९११ मध्ये थुन गावात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटाल चीज सोडियम सायट्रेट घालून तापवलं आणि ते न फुटता एकजीव झालं. घडतं ते असं: सायट्रेट कॅल्शियमला पकडून बाजूला काढतं आणि त्याच्या जागी सोडियम बसतं. कॅल्शियम दोन प्रथिनांना एकमेकांशी बांधू शकतं, सोडियमला ते जमत नाही. मोकळ्या झालेल्या केसीनचा काही भाग पाण्याकडे झुकणारा, काही चरबीकडे झुकणारा असतो. ते चरबीच्या थेंबाभोवती लपेटून बसतं आणि तेल-पाण्याला एकत्र नांदवतं. इकडे शिकागोत जेम्स लुईस क्राफ्टने १९१६ मध्ये चीज तापवून, सतत ढवळून टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पहिल्या महायुद्धात त्याचं डबाबंद चीज अमेरिकी सैन्याकडे गेलं. पुढे सायट्रेट आणि फॉस्फेट क्षार प्रोसेस्ड चीजचा पायाच झाले. व्हिझ हे त्याच घराण्यातलं शेंडेफळ.

भारतात मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावर बारीक अक्षरात इमल्सीफायर असं लिहून पुढे आकडे दिलेले असतात. ३३१ म्हणजे सोडियमचे सायट्रेट, ३३९ म्हणजे सोडियमचे फॉस्फेट. त्या आकड्यांना घाबरून डबा परत ठेवणारे पुष्कळ आहेत. डिप करायचं असेल तर तो आकडा शोधूनच डबा उचलावा. हे चीज चवीला सपाट आणि खारट असतं हे मान्य, पण त्याच्यातले क्षार शेजारच्या अस्सल चीजलाही सांभाळून घेतात. किसलेल्या प्रोव्होलोनमध्ये तिसरा हिस्सा प्रोसेस्ड चीज मिसळलं की चव प्रोव्होलोनची राहते आणि एकजीवपणा प्रोसेस्डचा मिळतो. ते नकोच असेल तर सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा थोड्या पाण्यात एकत्र करा. फेस बसला की सोडियम सायट्रेटच उरतं. १० ग्रॅम ॲसिडला सुमारे १३ ग्रॅम सोडा हे प्रमाण. तयार झालेलं सायट्रेट साधारण १३ ग्रॅम भरतं, आणि ते तीनशे-चारशे ग्रॅम चीजला पुरतं.

डिपचा पाया असलेल्या क्रीम चीजचीही एक कहाणी आहे. या डिपसाठी अमेरिकेत सर्रास ‘फिलाडेल्फिया’ छापाचं क्रीम चीज वापरतात आणि शहराच्या पदार्थात शहराचंच चीज पडलं असं खाणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ते न्यू यॉर्क राज्यातलं. चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्सने १८७० च्या दशकात ते बनवलं, आणि १८८० मध्ये एका व्यापाऱ्याने त्याला फिलाडेल्फिया हे नाव दिलं, कारण तेव्हा फिलाडेल्फियाच्या आसपासच्या लोण्या-दुधाचं नाव मोठं होतं. छाप कुठलाही असो, डिपला क्रीम चीज उपकारक असतं. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ३३ टक्के दुधाची चरबी आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असतं, आणि हे पाणी धरून ठेवायला बहुधा गवार किंवा कॅरोबच्या बियांचा डिंक घातलेला असतो. ते मुळातच आम्लाने घट्ट झालेलं असल्यामुळे तार देत नाही, पण प्रोव्होलोनला पसरायला मऊ बैठक देतं.

आता मांस. चीजस्टेकसाठी रिबआय हा कट वापरतात, कारण त्यात चरबीच्या रेषा भरपूर असतात. सँडविचमध्ये ही चरबी पावात मुरते. डिपमध्ये तिला जायला जागा नाही. बीफची चरबी ४० ते ५० अंशांच्या दरम्यान घट्ट होते, म्हणजे डिप जरा कोमट झालं की टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून परतलेलं मांस गाळणीत निथळून घ्यायचं. ही एक पायरी बहुतेक कृतींमध्ये नसते, आणि डिप तेलकट झाल्याचा आळ मग बिचाऱ्या चीजवर येतो.

मांस कापण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवलं की कडक होतं आणि धाग्यांना आडवं, पातळ कापता येतं. तवा, शक्यतो बिडाचा, कडकडीत तापलेला हवा. मांसाचा तो खमंग तपकिरी वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं, आणि ती जोमाने होण्यासाठी १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तव्यावर पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. सगळं मांस एकदम टाकलं की ते पाणी सोडतं आणि त्यात शिजत बसतं, राखाडी होतं. थोडं थोडं परता.

भाज्यांचंही तेच. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी, ढोबळी मिरची आणि मशरूममध्ये ९२ च्या घरात. हे पाणी तव्यावर गेलं नाही तर भांड्यात निघतं आणि डिपच्या तळाशी साठतं. मशरूम घालावं का, यावर फिलाडेल्फियात वाद आहेत. ढोबळी मिरचीवर तर त्याहून कडवे, कारण पॅटच्या मूळ पदार्थात ती नव्हती. डिपमध्ये मला मिरची आवडते. नुसत्या चीज-मांसाच्या जडपणात तिचा कडवटपणा हवासा वाटतो.

दहा-बारा माणसांसाठी अर्धा किलो मांस, दोन मोठे कांदे आणि एक ढोबळी मिरची, सगळं वेगवेगळं परतून निथळलेलं आणि कोमट झालेलं. २२५ ग्रॅम क्रीम चीज बाहेर ठेवून मऊ केलेलं, त्यात अर्धी वाटी सावर क्रीम आणि चमचाभर वूस्टरशर सॉस. २०० ग्रॅम प्रोव्होलोन आणि १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून त्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर लावायचं, यातलं मूठभर वरून पसरायला ठेवून बाकी आत. मीठ शेवटी चाखून, बहुधा लागतच नाही. ओव्हन १७५ अंशांवर, वीस मिनिटं किंवा कडेला बुडबुडे येईपर्यंत. रंगासाठी आणखी ठेवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक डिप त्या शेवटच्या दहा मिनिटांतच फुटतात. रंग हवा तर वरच्या ग्रिलखाली मिनिटभर धरा.

बीफ खाणं किंवा मिळणं हा आपल्याकडे वेगळा प्रश्न. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस मिळतं, आणि त्यातलं अंडरकट या डिपला चालतं. त्यात चरबी कमी असल्याने निथळायलाही फारसं लागत नाही. चिकनच्या मांडीचं मांस वापरलं तर तो काही कमीपणा नाही, खुद्द फिलाडेल्फियात चिकन चीजस्टेक विकला जातो. शाकाहारी डिप नुसत्या मशरूमचं उत्तम होतं, फक्त ते खरपूस होईपर्यंत परता. प्रोव्होलोनऐवजी मोझरेला घ्यायला हरकत नाही, चव जरा फिकी पडेल. पनीर मात्र चीजच्या जागी घालू नका. ते गरम दुधात आम्ल घालून फाडलेलं असतं. कॅल्शियमचा बराचसा भाग आम्लात विरघळून निघून गेलेला, प्रथिनं उष्णतेने आधीच एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्यामुळे ते कितीही तापवलं तरी वाहत नाही, फक्त कोरडं होतं. तळलेल्या पनीरचे तुकडे भाजीत शाबूत राहतात ते म्हणूनच.

टेबलावर आलेल्या डिपला दोन धोके. पहिला थंड होण्याचा. चरबी गोठते, प्रथिनं पुन्हा घट्ट होतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जंतूंना आवडणाऱ्या तापमानात मांस आणि दूध पडून राहतं. अमेरिकी कृषी खात्याचा नियम सोपा आहे: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर दोन तासांत संपवा किंवा फ्रीजमध्ये टाका. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकाच तासात. आपल्याकडच्या बऱ्याच पार्ट्यांना हा दुसरा नियम लागू होतो. ओव्हनमधून काढलेल्या बिडाच्या जाड भांड्यात डिप बराच वेळ गरम राहतं. अमेरिकेत स्लो कुकर वापरतात. इर्व्हिंग नॅक्सनने १९४० मध्ये पेटंट घेतलेलं हे भांडं १९७१ मध्ये क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं आणि तिथल्या पार्ट्यांचा आधारस्तंभ झालं. त्याची सर्वात मंद आच पुरेशी आहे.

दुसरा धोका उष्ट्याचा. चावलेला ब्रेड पुन्हा बुडवणारा पाहुणा प्रत्येक पार्टीत असतो. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून हे तपासून पाहिलं. उष्ट्या तुकड्याने तोंडातले जंतू डिपमध्ये खरोखरच उतरतात. पातळ साल्सामध्ये ते सर्वात जास्त उतरले, कारण पातळ पदार्थ तुकड्यावरून ओघळून पुन्हा भांड्यात पडतो. दाट चीज डिप तुकड्यालाच चिकटून तोंडात जातं. आजीचा उष्ट्या-खरकट्याचा नियम इथे प्रयोगशाळेत पास झाला म्हणायचं. यजमानाने करायचं ते एवढंच: ब्रेडचे काप एका घासाचे करा. लांब काप दिला की माणूस तो दोनदा बुडवणारच.

ब्रेड आधी ओव्हनमध्ये कोरडा, कुरकुरीत करून घ्या. मऊ पाव डिपचं वजन पेलत नाही, तुटून आत पडतो. फिलाडेल्फियाचे लांब रोल मिळाले नाहीत तर कडक बगेट चालेल, गोव्यात असाल तर पोयचे तुकडे भाजून घ्या.

उरलेलं डिप फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्हचा जोर अर्ध्यावर ठेवा, चमचाभर दूध घाला आणि दर मिनिटाला ढवळा. तेल सुटायला लागलंच तर प्रोसेस्ड चीजची एक स्लाइस तोडून आत टाका आणि मंद आचेवर ढवळत राहा.